जमिनीला काय त्रास आहे?

काल टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. एस्क्रोमध्ये, म्हणजे अर्जाच्या तपासणीसाठी आधीच जमा करून घेतात त्या पैशात, ६३ डॉलर कमी पडतायत, भरा. म्हणजे जो डेक (घरामागचा लाकडी ओटा) अजून बांधलेला नाही आणि ज्याच्यासाठी मुळात नियमातून सूट मागायची गरजच नव्हती (ते पुढे येईलच), त्याच्यावर एका तज्ज्ञाने तीन पानी अहवाल लिहिला, त्याचे पैसे. पहिल्या पानावर माझा पत्ता, तिसऱ्यावर त्याची सही, मधल्या पानावर लिहिलंय की घराच्या मागे अंगण आहे. अंगण मागे आहे हे मला माहीत होतं हो, मी तिथे गवत कापतो.

प्रकरण एवढंसं आहे. आम्ही न्यू जर्सीत, गल्लीच्या टोकाला जो गोल असतो तिथे राहतो, त्यामुळे प्लॉट पुढून चिंचोळा, मागे पसरत गेलेला आणि मागची हद्द तिरकी. गोमुखी! घेताना आईने सांगलीहून फोनवर विचारून खात्री केली होती, गोमुखी म्हणजे शुभ, लगेच घे. आता तीच आई दर उन्हाळ्यात येते आणि किचनच्या मागच्या दाराच्या चार उंच पायऱ्या उतरताना तिचे गुडघे बोलतात, म्हणून दाराच्या लेव्हलला डेक बांधू म्हटलं. नियम असा की मागच्या हद्दीपासून २५ फूट मोकळे सोडायचे. आमच्या डेकचा एकच कोपरा २३ फूट २ इंचावर येत होता. २२ इंच कमी. एका कोपऱ्यात. कॉन्ट्रॅक्टर एप्रिलमध्येच म्हणाला होता, कोपरा तिरका कापून टाकू, विषय संपला. मी म्हटलं छे, चौकोनी डेक छान दिसतो, रीतसर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागू. सुशिक्षित माणसाला मस्ती येते ती अशी.

रीतसर म्हणजे काय, तर इथे १९७५ चा एक कायदा आहे, त्यानुसार २०० फुटांच्या आत ज्यांची ज्यांची जमीन आहे त्या सगळ्यांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यायची. नावांची यादी टाउनशिप देते, १० डॉलर घेऊन. मग प्रत्येकाला सर्टिफाइड पोस्टाने पत्र, शिवाय पेपरात जाहिरात, की अमुक अमुक गृहस्थाला २२ इंच हवे आहेत, कुणाची हरकत असल्यास कळवावे. एकदम लग्नाची नोटीस लावल्यासारखं. पत्र पोचलं की पोस्टाची पोचपावती परत येते, ती हिरव्या रंगाची असते आणि तिला सगळे ग्रीन कार्डच म्हणतात. आठवड्याभरात माझ्याकडे २९ ग्रीन कार्डं आली. खऱ्यासाठी बारा वर्षं रांगेत उभा आहे.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "अरे, आपण गॅलरी आत घेतली तेव्हा कुणाला विचारलं होतं? आधी बांधायचं, मग सरकार कधीतरी नियमित करतं." सांगलीच्या माणसाला हे सांगायचा अधिकार आहे, अर्धं गाव गुंठेवारीत वाढलेलं. २००१ मध्ये कायदा करून ती घरं नियमित करायची सोय झाली, आणि २०२१ मध्ये मुदत पुढे ढकलून पार ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली. बाबांच्या मते मी चुकीच्या क्रमाने वागतोय. मी तेव्हा हसलो होतो.

तर सुनावणी. संध्याकाळी साडेसात. आधी झेंड्याला वंदन, मग मीटिंगची सूचना रीतसर दिली होती असं एक निवेदन वाचतात. अशा सुटींचा निकाल देणाऱ्या टाउनशिपच्या बोर्डात सात जण, अधिक गैरहजेरीसाठी राखीव खेळाडू. सगळे गावातलेच, बिनपगारी, दिवसभर आपापलं काम करून रात्री आलेले, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर! माझ्या आधी एक डोनटचं दुकान होतं, ड्राइव्ह-थ्रू पाहिजे म्हणून. तो जमिनीचा वापरच बदलायचा मामला, तिथे सातातली पाच मतं लागतात, म्हणून त्यांनी वकील आणलेला, आर्किटेक्ट आणलेला आणि ट्रॅफिक इंजिनियर आणलेला, आणि त्या इंजिनियरने सकाळच्या गर्दीत डोनटसाठी किती गाड्या रांगेत उभ्या राहतील हे पाऊण तास सांगितलं. मी उपाशी होतो. पाऊण तास डोनट.

माझा नंबर दहा वाजून दहा मिनिटांनी आला. उजवा हात वर करून शपथ घेतली आणि मी सुरू झालो. आपल्याला एक सवय असते ना, सरकारी टेबलासमोर उभं राहिलं की आधी घरातलं आजारपण काढायचं. मी आईच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली, वय ७४, सहा महिन्यांचा व्हिसा, उजवा जास्त दुखतो. बोर्डाचे वकील फार सौजन्याने म्हणाले, "सर, आईंबद्दल वाईट वाटतं. पण कायद्याला तुमचा त्रास चालत नाही. जमिनीला काय त्रास आहे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खरंच तसंच आहे. त्रास सांगून व्हेरियन्स मागायचा तर हालअपेष्टा जमिनीच्या असाव्या लागतात. ती अरुंद असेल, वेडीवाकडी असेल, मधे खडक असेल, तर ते दुःख. मालक म्हातारा, आजारी, कर्जबाजारी, हे वैयक्तिक. आणि ते दुःख तुम्ही स्वतः ओढवून घेतलेलं असेल तर तेही बाद. म्हणजे रात्री सव्वादहाला, शपथेवर, ज्या प्लॉटला आम्ही पेढे वाटून गोमुखी म्हणालो त्याच प्लॉटची मी चव्हाट्यावर निंदा करत होतो. बघा हो कसा आहे, पुढे चिंचोळा, मागे तिरका, काही शोभाच नाही. मुलगी दाखवताना करतात त्याच्या बरोब्बर उलटं.

मग अध्यक्ष म्हणाले, पब्लिकमधून कुणाला बोलायचंय? खोलीत पब्लिक म्हणून एकच माणूस उरला होता. डोनटच्या वेळीही तोच बोलला होता. ऐंशीच्या पुढचे आजोबा, विंडचीटर, हातात स्वतःची मोजपट्टी. कापडी नाही, स्टीलची, सुतार वापरतात ती. ते सावकाश माइकपाशी आले, माइक खाली केला, परत वर केला, आणि म्हणाले, "मला पत्र आलं नाही."

यादी काढली. आजोबांचं घर यादीत नव्हतं. बोर्डाचे इंजिनियर नकाशा बघून म्हणाले, तुमचं घर २१४ फुटांवर आहे.

"कुठून २१४?"

"त्यांच्या हद्दीपासून तुमच्या हद्दीपर्यंत."

"मी चालत मोजलं. १९७ आले."

"चालत म्हणजे कसं?"

"मधे गोल आहे, त्यातून तिरका आलो."

आता तिरकं चाललं तर अंतर कमी कसं भरेल हे सातही जणांनी मनातल्या मनात करून बघितलं, मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. वकील म्हणाले, पत्राचा हक्क नसला तरी बोलायचा हक्क आहे, बोला. आजोबा म्हणाले, बोलायचं काही नाही, डेकला माझी हरकत नाही, डेक चांगला असतो. हरकत पत्राला आहे. पत्र का आलं नाही?

मग त्यांनी मला थेट प्रश्न विचारले. डेकवर एका वेळी किती माणसं बसतील? मी म्हटलं आई. फक्त आई? कधीकधी मी. दिवा लावणार का? किती वॅटचा? तो कुणीकडे बघेल? आई संध्याकाळी कुणीकडे तोंड करून बसते? हा प्रश्न अधिकृतपणे माझ्यासमोर आला आणि मी शपथेवर "पश्चिमेकडे" असं उत्तर दिलं, ते आता टाउनशिपच्या रेकॉर्डमध्ये कायमचं आहे. मग त्यांनी तुतीच्या एका झाडाची गोष्ट सांगितली, जे आमचं घर व्हायच्या आधी तिथे होतं. ते कुणी तोडलं ते कळलं नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

हे सगळं वीस मिनिटं. आणि मला हसू येत होतं, खरंच, तोपर्यंत. मग एका मेंबरने सहज विचारलं, तुमचं गॅरेज हद्दीपासून किती अंतरावर आहे हो? आजोबा म्हणाले, "दोन फूट." आणि कुणी काहीच बोललं नाही, कारण ते गॅरेज नियमाच्या आधीचं आहे. आधीचं असलं की चालतं, त्याला दुःख सिद्ध करावं लागत नाही. यात बेकायदा काही नाही, मला माहितीये. पण २२ इंचांसाठी जमिनीची बदनामी करून उभ्या असलेल्या माणसाला दोन फुटांवर गॅरेज असलेला माणूस दिव्याचे वॅट विचारतो तेव्हा काय वाटतं हे ज्यांची ग्रीन कार्डच्या रांगेतली प्रायॉरिटी डेट (म्हणजे रांगेतला नंबर) येतच नाही त्यांना वेगळं सांगायला नको. जो आधी आला त्याचं सगळं माफ, नंतरच्याने मोजपट्टी घेऊन फिरायचं. इथे तर मोजपट्टीही आधी आलेल्याच्याच हातात.

शेजारी एवढे २९ जण होते, ज्यांना मी पदरचे पैसे घालून पत्रं पाठवली. त्यातला एकही आला नाही.

तर पावणेअकरा झाले होते. डावीकडच्या एक बाई, ज्या इतका वेळ नकाशावर पेन्सिलीने काहीतरी करत होत्या, त्यांनी नकाशा वर धरला आणि म्हणाल्या, "हा कोपरा जरा तिरका कापला तर?" मी इतका दमलो होतो की म्हटलं कापा. सातही चेहरे उजळले. अध्यक्षांनी इंजिनियरकडे बघितलं, इंजिनियरने पट्टी लावली, मान डोलावली. आणि वकील म्हणाले, "सर, मग २५ फूट पूर्ण होतात. तुम्हाला व्हेरियन्स लागतच नाही. अर्ज मागे घेताय ना?"

मी घेतला. मागे आजोबा टाळ्या वाजवत होते. कशासाठी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

कॉन्ट्रॅक्टरला दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, एप्रिलचा रेट आता राहिला नाही, लाकूड महागलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, कोपरा कापला ते जाऊ दे, त्या तिरक्या कडेला कुंड्या मांडता येतील, पण तू सगळ्यांसमोर आपल्या जागेला वाईट कशाला म्हणालास?

६३ डॉलरचा चेक लिहिलाय. साध्या पोस्टाने टाकतोय, सर्टिफाइडने नाही.