गेमिंग कॅफेला मिळालेल्या एक स्टारवर मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. हेडफोनचा एक कान चालत नव्हता आणि एसी नीट गार करत नव्हता, त्याबद्दल सॉरी. ते तुमचं बरोबर आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही.

पण पुढे तुम्ही आमच्या बोर्डाचा फोटो टाकून लिहिलंय की "मालक बोर्डवर मोठमोठ्या स्टुडिओंच्या क्रंचवर लेक्चर देतो आणि स्वतःच्या काउंटरवरच्या पोराला रात्री दोन वाजेपर्यंत राबवतो, पोरगं खुर्चीतच झोपलं होतं, वर आमच्याकडून 300 रुपये जास्तीचे उकळले." (क्रंच म्हणजे गेम वेळेत काढायला स्टुडिओत माणसांकडून दिवसरात्र करून घेतलेलं जादा काम, बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो.) हे मात्र लागलं मनाला. दोन कुठून आणलेत सर? तुमच्या बिलावर 12:17 छापलंय, कॉपी माझ्याकडे आहे, कधीही येऊन बघा. आपली वेळ अकरापर्यंत, दारावर लिहिलेलं आहे. पावणेअकराला त्या मुलानेच तुम्हाला सांगितलं की आता नवीन मॅच लावू नका, तर तुम्ही पाचही जण "दादा लास्ट, पक्का लास्ट" करत व्हॅलोरंट या शूटिंग गेमची रँक्ड मॅच, म्हणजे जिच्यावर तुमची रँक वर-खाली होते ती, लावलीत, ती अर्ध्या तासात हरलात, मग हरून घरी कसं जायचं म्हणून दुसरी लावलीत आणि ती नेमकी 12-12 होऊन ओव्हरटाइममध्ये गेली. तिथे दोन राउंडची लीड मिळेपर्यंत किंवा ड्रॉचं व्होटिंग पास होईपर्यंत मॅच संपत नाही, आणि मधेच उठलं तर पेनल्टी बसते हे मलाही माहितीये, मीही खेळतो, म्हणून मेन स्विच बंद केला नाही. दुसऱ्या कोणी केला असता.

आणि ते 300 म्हणजे पाच जणांचे तासाचे 60 प्रमाणे, वरची दहा-पंधरा मिनिटं तर मी धरलीच नाहीत. ते सगळे पैसे त्या मुलाला दिले, वर रिक्षाचे वेगळे माझ्या खिशातून. तो दुपारी चारला येतो, अकराला जातो, सकाळी त्याचं कॉलेज असतं. झोपला वगैरे नव्हता, कानात इअरफोन घालून मान मागे टाकून बसला होता, मी विचारलं त्याला. पाच मिनिटं डोळा लागलाही असेल, पण तो कोणामुळे थांबला होता ते रिव्ह्यूत कुठेच दिसत नाही.

आता बोर्डबद्दल. तिथे मी लेक्चर देत नाही, दर आठवड्याला एक प्रश्न लिहितो आणि गिऱ्हाइकं चिठ्ठ्या चिकटवतात. त्या आठवड्याचा प्रश्न होता, क्रंच करणाऱ्या स्टुडिओचा गेम प्री-ऑर्डर, म्हणजे यायच्या आधीच बुक, करायचा का. तुमची चिठ्ठी अजून आहे तिथे, "क्रंचशिवाय मोठा गेम बनतच नाही, पोरं पॅशनने करतात." ठीक आहे, मत आहे तुमचं, मी काढली नाही. खाली एवढंच लिहिलं की सायबरपंक 2077 हा गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडने 2019 मध्ये सांगितलं होतं सक्तीचा क्रंच करणार नाही, आणि सप्टेंबर 2020 मध्ये आठवड्याचे सहा दिवस कंपल्सरी केले. ओव्हरटाइमचे पैसे दिले हेही लिहिलंय, एकतर्फी नाही लिहिलं. एवढं करून 10 डिसेंबरला गेम आला तो बग्सने भरलेला, आठ दिवसांत सोनीने प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. आणि त्याआधी ऑक्टोबरमध्ये रिलीजची डेट पुढे ढकलली तेव्हा डेव्हलपर्सना जिवे मारायच्या धमक्या देणारेही फॅन्सच होते, नंतर "बिचाऱ्यांना किती राबवलं" म्हणणारेही फॅन्सच. हे मी आपलं सहज सांगतोय, तुम्हाला उद्देशून नाही. उलट हेडीज हा गेम बनवणाऱ्या सुपरजायंट स्टुडिओमध्ये वर्षाला किमान 20 दिवस सुट्टी घ्यावीच लागते, तेही खाली लिहिलंय, त्याचा फोटो नाही टाकलात.

बोर्डवरची, प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमच्या रीमेकबद्दलची "पुण्यात बनवला म्हणून असा दिसतो" ही चिठ्ठी तुम्हाला माझी वाटली, पण ती माझी नाही. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रेलर आला तेव्हा तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे-मुंबईच्या टीमला लोकांनी जे बोलून घेतलं, नंतर 2022 मध्ये काम त्यांच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओला गेलं, त्याचं मला वाईटच वाटलं होतं. गेमचं मॉडेलिंग, टेस्टिंग करणारी पोरं शनिवारी इथेच येऊन बसतात, अशी चिठ्ठी मी लावीन का? तरी ती आता काढली, कारण तुमच्यासारखाच अजून कोणाचा गैरसमज नको.

बाकी, एसीवाल्याला फोन केलाय, हेडफोनचं बघतो, उशिरापर्यंत थांबायचं असेल तर त्याचाही काहीतरी नियम करू. नाक्यावर नवीन कॅफे झालाय, तिथे 40 रुपये तास आहे, त्यामुळे एकेक स्टार इथे किती महागात पडतो ते तुम्हाला लक्षात येणार नाही. मी या पोरासकट तीन जणांचे पगार काढतो यातून, आणि एकाचाही आजवर एक दिवस उशिरा झालेला नाही.

पुन्हा या, तो पीसी तोवर नीट केलेला असेल. स्टार हवं तर एकच राहू दे, पण ती "रात्री दोन"ची ओळ तेवढी दुरुस्त करा, त्या मुलाच्या आईनेही रिव्ह्यू वाचलाय.