सलाईनमध्ये ‘गटाराचं ॲसिड’ नसतं

गेल्या आठवड्यात खानापूरच्या मावशीला जुलाब-उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. जीभ कोरडी, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी. आणि ती सलाईन लावू देईना! कारण आमच्याकडे बेळगाव-निपाणीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमधलं लॅक्टेट डेअरीच्या गटारपाण्यात जंतू सोडून करतात. ते ॲसिड रक्त नासवतं, जंतू अंगात भिनतात. कुंदा-श्रीखंडातही तेच.’

आधी रक्ताचं, कारण यात माणूस दगावू शकतो. लॅक्टेट आपल्या अंगात रोज शंभर ग्रॅमहून जास्त तयार होतं आणि यकृत ते वापरून टाकतं. बाटलीत लॅक्टिक ॲसिड नसतंच, त्याचा सोडियमचा क्षार, म्हणजे सोडियम लॅक्टेट असतो. यकृतात त्याचं बायकार्बोनेट होतं, म्हणजे जुलाबात रक्ताची वाढलेली आम्लता उलट उतरते. १९३०च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञानं लहान मुलांच्या याच त्रासावर लॅक्टेट सलाईनमध्ये घातलं. पटकीनं पार सुकलेल्या रुग्णाला शिरेतून द्यायला हीच बाटली सगळ्यांत चांगली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यकृत फार बिघडलेलं असेल तर डॉक्टर दुसरी लावतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं, फॉरवर्ड करणाऱ्यानं नाही.

आता जंतू. चक्का टांगला की खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी ठिबकतं, ती निवळी. मेसेजमधलं ‘गटारपाणी’ ते हेच. पनीरचं पाणीही तेच. त्यात शेकडा साडेचार-पाच दुधाची साखर असते. दही लावणाऱ्या लॅक्टोबॅसिलसच्या जातीचे जिवाणू ४०-४५ अंशांच्या उबेत ती साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की तेच मंदावतात, म्हणून चुनखडी घालत राहावं लागतं. मग जिवाणू गाळून काढतात, आम्ल शुद्ध करतात, आणि सलाईनची भरलेली बाटली पुन्हा दाबाच्या वाफेत निर्जंतुक होते. जन्मभर विरजण लावणाऱ्या मावशीला याच जंतूंची भीती घातली, याचा मला संताप येतो.

एवढं मान्य, की निवळी तशीच ओढ्यात सोडली तर ओढा मरतो. पाण्यातला प्राणवायू ती गावच्या सांडपाण्याच्या शंभरपट खाते. म्हणून तर तिच्यापासून काही बनवलेलं बरं. पण आज बाजारातलं बहुतेक लॅक्टिक आम्ल मका नि उसाच्या साखरेपासून होतं, तेव्हा डेअरीचा आरोपही बहुतेक ठिकाणी खोटाच.

कुंदा खवा-साखर परतून होतो. श्रीखंडाचा आंबटपणा दह्यातलाच.

मावशीला बाटली लागली, पण तीन तास उशिरा. मेसेज टाकणाऱ्या तिघांना मी ग्रुपवर नावानिशी विचारलंय. अजून एकानंही तो डिलीट केलेला नाही.