गोळी फक्त आडवीच का? ‘तुतनखाम’वरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

‘तुतनखाम’वरच्या लेखाखाली तुम्ही इतकं तपशिलात लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं. बाकीच्या वाचकांसाठी: ‘तुतनखाम’ हा कोनामीचा १९८२चा आर्केड गेम, ज्यात इजिप्तच्या तुतनखामुन राजाच्या थडग्यातल्या बोळांतून प्राण्यांना मारत-चुकवत, किल्ल्या गोळा करत शेवटच्या दारापर्यंत पोचायचं असतं. तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. फ्लॅश बॉम्ब (पडद्यावरचे सगळे प्राणी एकदम संपवणारा) दर लाइफला एक मिळतो हे चूक, तो अख्ख्या गेममध्ये एकदाच मिळतो. माणूस वळणावर अडकतो, म्हणजे कंट्रोल वाईट आहे. वर-खाली गोळी मारता येत नाही ही १९८२च्या हार्डवेअरची लंगडी बाजू, आणि मी ती झाकली. शेवटचं म्हणजे खरं थडगं चार खोल्यांचं, तिथे भुलभुलैया कुठला?

फ्लॅशबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि माझं वाक्य अपुरं होतं. मशीनच्या सर्किट बोर्डवर गेमचे नियम ठरवणारे बारीक स्विच असतात, त्यांना डिप स्विच म्हणतात; त्यांत फ्लॅश बॉम्बसाठी वेगळी सेटिंग आहे: दर लाइफला एक किंवा दर गेमला एक. तुमची प्रत दुसऱ्या सेटिंगवर आहे. मेम एम्युलेटरमध्ये (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) गेम चालू असताना टॅब दाबा, डिप स्विचच्या यादीत जा, फ्लॅश बॉम्बची ओळ बदला आणि मग गेम रीसेट करा. खरं मशीन असेल तर वीज बंद करूनच स्विचला हात लावायचा. शिकत असाल तर दर लाइफला एक ठेवा. दर गेमला एक असेल तर नवखा माणूस फ्लॅश जपत बसतो आणि तो न वापरताच मरतो.

वळणावर अडकण्याचं कारण मात्र गेममध्ये नाही, तुमच्या जॉयस्टिकमध्ये आहे असं मी ठामपणे म्हणेन. हा गेम चार दिशांच्या दांड्यासाठी बनवलेला आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक दांडे आठ दिशांचे असतात. उजवीकडे जाता जाता वर वळायला गेलात की दांडा क्षणभर तिरका होतो आणि ‘उजवं’ व ‘वर’ हे दोन्ही स्विच एकदम दाबले जातात. गेमला तिरकी चाल ठाऊकच नाही. मग माणूस आधीच्याच दिशेला जात राहतो किंवा भिंतीला टेकून थांबतो, आणि तेवढ्यात मागचा नाग अंगावर येतो. बऱ्याच दांड्यांच्या तळाशी चौकोनी छिद्राची एक प्लास्टिकची पट्टी असते. ती सोडवून ४५ अंश फिरवून बसवली की चौकोनाचे कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि तिरकी जागा बंद होते. पट्टी फिरत नसेल तर कीबोर्डच्या बाणांवर खेळून पाहा आणि एक बाण सोडल्यावरच दुसरा दाबा. दहा मिनिटांत फरक कळेल.

आता गोळीचा मुद्दा. यावर मी जरा रेंगाळणार, कारण सगळा गेम याच गोष्टीवर उभा आहे.

हार्डवेअरला जमत नव्हतं हे पटत नाही. कोनामीच्या या बोर्डवर मोटोरोलाचा ६८०९ प्रोसेसर आहे. त्याच १९८२ साली आलेला विल्यम्सचा ‘रोबोट्रॉन: २०८४’ ६८०९ वरच चालतो आणि त्यात दोन दांड्यांनी आठही दिशांना गोळी जाते. आणखी जवळचं उदाहरण हवं? अमेरिकेत ‘तुतनखाम’ आणला स्टर्न या कंपनीने. याच स्टर्नच्या १९८० सालच्या ‘बर्झर्क’मध्ये एका दांड्यावर आठ दिशांचा गोळीबार होता. म्हणजे तंत्र हाताशी होतं, तरी ते घेतलं नाही. डाव्या हाताच्या दांड्याने चालायचं आणि उजव्या हाताच्या दांड्याने फक्त डावीकडे किंवा उजवीकडे मारायचं, अशी रचना मुद्दाम केलेली आहे.

त्यामुळे काय होतं बघा. थडग्यातला प्रत्येक आडवा बोळ तुमचा आणि प्रत्येक उभा बोळ प्राण्यांचा होतो. आडव्या बोळात तुम्ही पळता पळता मागे गोळी मारू शकता, कारण चालण्याचा आणि मारण्याचा हात वेगळा आहे. उभ्या बोळात शिरलात की तुम्ही निःशस्त्र. म्हणून नकाशा पाहताना ‘वाट कुठे जाते’ एवढंच बघून भागत नाही, ‘वाटेत किती उभं चढायचं आहे’ तेही मोजावं लागतं. वर-खाली गोळी दिली असती तर दोन्ही बोळ सारखेच झाले असते आणि उरला असता किल्ल्या गोळा करण्याचा साधा गेम.

यातूनच खेळण्याची पद्धत ठरते. उभ्या बोळाच्या तोंडाशी थेट घुसू नका. त्याआधीच्या आडव्या तुकड्यात एक-दोन पावलं मागे थांबा. वरून उतरणारा प्राणी वळून तुमच्या रांगेत आला की मारा, आणि बोळ मोकळा झाल्याबरोबर न थांबता चढून जा. पण तिथे तळ ठोकू नका, कारण प्राणी आपल्या घरट्यांमधून पुन्हा पुन्हा निघतात. एकाच जागी मारत राहिलात तर वेळ जातो आणि गर्दी तेवढीच राहते. उभ्या बोळात दोन्ही टोकांनी कोंडी झाली तर तो फ्लॅशचा खरा क्षण. फ्लॅश पडद्यावरचे सगळे प्राणी संपवतो. आडव्या बोळात तो वापरणं म्हणजे जिथे गोळी चालते तिथे बॉम्ब खर्च करणं.

दुसरी पळवाट म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारी दारं. ती फक्त तुमच्यासाठी आहेत, प्राण्यांना वापरता येत नाहीत. पाठलाग तोडायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. दार कुठे उघडतं हे प्रत्येक लेव्हलचं पाठ करा. लेव्हल चारच आहेत. चौथी संपली की पहिलीपासून पुन्हा सुरू होतं, फक्त कुलपं, किल्ल्या आणि प्राणी वाढतात.

वेळेबाबत तुम्ही लिहिलंय की घड्याळ संपलं की खेळ संपल्यात जमा. तसं नाही. वेळ शून्यावर आली की गोळी बंद होते, चालणं बंद होत नाही. शेवटचं मोठं दार जवळ असेल आणि फ्लॅश शिल्लक असेल तर लेव्हल पुरी होते. उरलेल्या वेळेचे गुण मिळतात आणि वाटेतला खजिना ऐच्छिक आहे. तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत उभ्या बोळाच्या टोकाला असलेला खजिना सरळ सोडून द्या. किल्ली मात्र सोडता येत नाही.

तुम्ही कोणती आवृत्ती खेळलात ते लिहिलेलं नाही. पार्कर ब्रदर्सने १९८३ साली अटारी २६०० या घरगुती गेम यंत्रासाठी काढलेली असेल, तर त्या यंत्राला एक दांडा आणि एकच बटण असतं. दोन हातांची ही कामाची वाटणी तिथे शोधू नका आणि त्यावरून आर्केडला जोखू नका.

राहिलं खरं थडगं. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजी पहिली पायरी सापडली ती राजांच्या दरीतल्या केव्ही६२ची, म्हणजे तुतनखामुनच्या थडग्याची. १६ पायऱ्या, एक उतरता बोळ आणि चार लहान खोल्या. भुलभुलैया नाहीच, हे मान्य. गेममधले पोपट आणि ड्रॅगनही तिथले नव्हेत. पण इजिप्तमध्ये असं काही नव्हतंच, हे तुमचं वाक्य टिकत नाही. हवारा इथल्या तिसऱ्या अमेनेमहेत राजाच्या पिरॅमिडमध्ये चोरांना चकवण्यासाठी बंद टोकांचे बोळ आणि छतात लपवलेल्या वाटा आहेत. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री तिथे १८८९ साली आत पोचला, तेव्हा दफनाची खोली आधीच लुटलेली होती.

आणि एका बाबतीत गेम केव्ही६२शी प्रामाणिक आहे. तुम्ही त्यात संशोधक म्हणवता, पण काम चोराचं करता. ते थडगं दफनानंतर लवकरच निदान दोनदा फोडलं गेलं. पहिल्या चोरीनंतर बोळ दगडमातीने भरून टाकला, तर दुसऱ्या खेपेच्या चोरांनी त्या भरावाच्या वरच्या कोपऱ्यातून बोगदा काढला. चोरांनी फडक्यात बांधलेल्या सोन्याच्या अंगठ्या कार्टरला पहिल्याच खोलीत मिळाल्या. राजाच्या सोन्याच्या मुखवट्यावर कपाळाशी गिधाड आणि नाग आहेत. नेखबेत आणि वाजेत या रक्षण करणाऱ्या देवता त्या. गेममध्ये गिधाडं आणि नाग अंगावर येतात तेव्हा ते राखण करत असतात, आणि घुसखोर तुम्ही असता.

लेखात फ्लॅशचं वाक्य सुधारतो आणि चार दिशांच्या दांड्याची सूचना जोडतो. पट्टी फिरवून पहिली लेव्हल पुन्हा खेळून पाहा, आणि तरीही वळणावर अडकलात तर कोणता दांडा वापरता ते इथेच लिहा.