उलट भाषांतर जुळलं, म्हणून प्रश्नावली मराठी झाली?

आरोग्य विद्यापीठ नाशिकलाच आहे म्हणून की काय, प्रबंधाचे दिवस आले की इथल्या फिजिओथेरपीच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: ‘संधिवातातला थकवा मोजायचाय? फॅसिट-फटीग या इंग्रजी थकव्याच्या प्रश्नावलीचे १३ प्रश्न मोबाइलवर मराठीत करा, परत इंग्रजीत करून जुळवा, ३० पेशंटकडून भरून घ्या. अल्फा (उत्तरांच्या आपसातल्या मेळाचा आकडा) ०.९ आला की प्रश्नावली सिद्ध. बेरीज जास्त तेवढा थकवा जास्त. आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर थकवा मनाचाच.’

बेरजेचं आधी, कारण ते धडधडीत चूक आहे. फॅसिट-फटीगमध्ये ० ते ५२ गुण असतात आणि जास्त गुण म्हणजे थकवा कमी. ब्रिस्टलमध्ये तयार झालेली ब्राफ ही संधिवातातल्या थकव्याची दुसरी प्रश्नावली, २० प्रश्नांची, उलट दिशेने चालते. दोन्ही वापरून हा मेसेज पाळलात, तर औषधाने सुधारलेला पेशंट एका कागदावर ढासळलेला दिसेल.

उलट भाषांतरात, म्हणजे मराठीचं परत इंग्रजी करून जुळवण्यात, गाळलेलं, वाढवलेलं सापडतं, एवढंच. पेशंट विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतोय का, हे त्यातून कळत नाही. थकव्यामुळे अंघोळ करणं जड गेलं का, असं ब्राफ विचारते. निफाडकडची एखादी बाई ‘नाही’ म्हणेल, कारण कितीही गळून गेली तरी अंघोळ केल्याशिवाय ती चुलीपाशी जाणार नाही. भाषांतर चोख, आणि थकवा मात्र नोंदलाच गेला नाही. म्हणून रूढ पद्धतीत ३०-४० जणांना प्रश्न देऊन प्रत्येक उत्तरामागे ‘हे उत्तर का दिलंत?’ असं विचारतात. मेसेजमधले ३० बहुधा इथूनच उचललेत; ते अल्फासाठी नव्हतेच. त्यातही विचारायचं आईला आणि उत्तर देणार शेजारी बसलेला मुलगा, हे आपल्याकडे नेहमीचं. सुरगाण्यात घरी कोकणा बोलतात, सटाण्याकडे अहिराणी. कॉलेज रोडवरच्या शिकलेल्या पेशंटांवर घेतलेली चाचणी त्यांना लागू पडेलच असं नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवलेत, तर तशी नोंद हवी.

अल्फा फक्त एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांच्या जोडीने चालतात. उदासीवरचे १३ प्रश्न विचारलेत तरी तो ०.९ येऊ शकतो. ०.९५ च्या वर गेला तर तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारलाय का, ते बघा. खरी परीक्षा पुढे असते: आजार स्थिर असलेल्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तर गुण जवळपास तेच येतात का, एसएफ-३६ या एकूण आरोग्याच्या प्रश्नावलीतल्या उत्साहाच्या भागाशी ते जुळतात का, उपचार लागू पडल्यावर हलतात का.

इथे द्राक्षबागा आडव्या येतात. पहिला फॉर्म ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी आणि दुसरा ऐन छाटणीत भरलात, तर आजार तसाच असूनही ‘गेल्या सात दिवसांतला’ थकवा वाढलेला येणार. प्रबंधात मात्र प्रश्नावलीच बेभरवशाची ठरेल. तारखा ठरवताना पेशंटला बागेतल्या कामाचं विचारून घ्या.

सीआरपीवरून थकवा कळला असता तर एवढी उठाठेव कुणी केलीच नसती. दाह हे एक कारण. वेदना, अपुरी झोप, रक्त कमी असणं, खचलेलं मन हीही आहेत. म्हणूनच ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने २००६ मध्ये संधिवाताच्या अभ्यासांत थकवा वेगळा मोजावा असं ठरवलं.

मेसेजमध्ये परवानगीचा शब्दही नाही. या प्रश्नावल्यांना मालक आहेत. भाषांतराला बसण्याआधी त्यांना लिहा आणि मराठी आवृत्ती आहे का, ते विचारा. असेल तर भाषांतराचं काम वाचेल. पेशंटांवरची तपासणी तरीही तुम्हालाच करावी लागेल.