अकरा हजार फॉलोअर, सभासद 38

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल. तुमचा भाचा इंदूरच्या रामबागेतून तबला शिकवतो. इन्स्टाग्रामवर 11 हजार फॉलोअर, पण धड्यांसाठी महिना 199 रुपये भरणारे सभासद 38 आणि त्यातलेही चार-पाच दर महिन्याला गळतात. रील टाकून शेवटी भीकच मागायची, छोट्या व्हिडिओंवरून पैसे भरणारे सभासद मिळवण्यावरचा माझा लेख म्हणजे हवेतल्या गप्पा, असं तुमचं म्हणणं.

भिकेचं म्हणाल, तर क्लासची फी पहिल्या तारखेला मागताना ती भीक वाटत नाही. मग इथेच का?

38 हा आकडा मला लाजिरवाणा वाटत नाही. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचे) 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर 199 मधले साधारण 194 हातात पडतात. यूट्यूब मेंबरशिपवर आधी जीएसटी वजा, मग उरलेल्याचे 70 टक्के, म्हणजे माणशी 118च्या आसपास. भाच्याने सभासदांकडून थेट पैसे घ्यायला स्वतःचं वेबपान काढलं ते बरंच केलं. गळती मात्र खरी आहे, पण तिचं मूळ मला वसुलीत दिसतं.

ऑटोपेत, म्हणजे दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वसुलीत, पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सभासदाला सूचना जाते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. त्या सूचनेत बऱ्याचदा चॅनलचं नाव नसतं, गेटवेवर नोंदवलेलं असतं. माणूस 'हे कोण बुवा?' म्हणतो आणि मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, रद्द करून मोकळा होतो. म्हणून पैसे भरल्याबरोबर जाणाऱ्या पहिल्याच मेसेजमध्ये सांगावं: 'दर महिन्याला अमुक नावाने सूचना येईल, ती आमचीच.' दुसरे जातात ते खात्यात शिल्लक नसल्यामुळे. हप्ता परततो आणि त्यांना पत्ताही नसतो. भाच्याला गेलेल्यांची यादी काढायला सांगा: स्वतः रद्द केलेले वेगळे, हप्ता परतलेले वेगळे. परतलेल्यांना दोन दिवसांत नव्या लिंकसकट व्हॉट्सॲप करावा.

'फुकट दाखवल्यावर पैसे कोण देणार?' असंही तुम्ही विचारता. फुकट काय दाखवतो, त्यावर आहे. 'धाधा तिट धाधा तूना' हा कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची तबल्यातली रचना, घ्या. त्याचं मुख (मूळ ओळ) ठाय म्हणजे संथ लयीत, 'तिट'ची बोटं जवळून, 40 सेकंदांत खुशाल फुकट द्यावं. शिकणारा अडतो तो पुढे: दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, 'तिट' फाटतो, पलट्यांत (त्याच बोलांच्या फेरफारांत) खाली-भरीची, म्हणजे बंद आणि घुमणाऱ्या बोलांची, गल्लत होते. पैसे घ्यायचे ते क्रमाने लावलेल्या पलट्यांचे, मिनिटाला 60, 80, 100 मात्रांच्या लयीतल्या लेहऱ्याचे (साथीला वाजत राहणाऱ्या धुनेचे) आणि महिन्यातून एकदा सभासदाचं रेकॉर्डिंग ऐकून चूक दाखवण्याचे. व्हिडिओ ढिगाने मिळतात हो, ऐकून घेणारे गुरुजी कुठे मिळतात?

'लिंक खाली दिली आहे' हे वाक्य रीलमध्ये वाया जातं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली ऑगस्ट 2023 अखेरपासून बंद आहे. शॉर्टला 'संबंधित व्हिडिओ' म्हणून दहा मिनिटांचा धडा जोडावा आणि लिंक त्याच्या वर्णनात द्यावी. इन्स्टाग्रामवर बायो आणि स्टोरीचं स्टिकर.

आणखी एक. महिन्याला आठ धडे कबूल करून पाचच दिले जातात, हे तुम्हीच लिहिलंय. कबूल चारच करावेत आणि सहा आधीच रेकॉर्ड करून ठेवावेत, कारण लग्नसराईत कार्यक्रम लागले की रेकॉर्डिंग थांबतं. ही घडी बसेपर्यंत वर्षाचे पैसे एकदम घेऊ नयेत, बारा महिन्यांचं देणं अंगावर येतं.