गुरुजींकडे शेवटचं शिकायला जाताना

गुरुजींचे आता फार दिवस नाहीत असं कळलं की शिष्यांच्या ग्रुपवर पहिला निरोप येतो, "रविवारी सगळे मिळून जाऊ या का?" मग बारा जण हार आणि फळं घेऊन एका छोट्या खोलीत शिरतात. कुणीतरी धीर करून म्हणतं, "गुरुजी, आम्हाला काहीतरी सांगा." दम लागलेला माणूस जमेल तेवढं सांगतो: रियाज सोडू नका, माणुसकीने राहा. संध्याकाळपर्यंत ते वाक्य फोटोसकट फेसबुकच्या भिंतीवर लागलेलं असतं, नाकात ऑक्सिजनची नळी दिसते तशीच.

माझं मत सरळ आहे. जाणाऱ्या माणसाकडे सुविचार गोळा करायला जाऊ नये. त्याच्या विद्येतली आपली अडलेली जागा घेऊन जावं, आणि बाकीच्या वेळात त्याच्या घरच्यांच्या कामाला यावं.

अमेरिकेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक मॉरी श्वार्ट्झ एएलएस या, हळूहळू सगळे स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने १९९५ साली गेले. शेवटच्या महिन्यांत त्यांचा एक जुना विद्यार्थी दर मंगळवारी डेट्रॉइटहून विमानाने त्यांच्याकडे यायचा. प्राध्यापकांची वाक्यं जगभर फिरली. मला त्या सगळ्यात 'दर मंगळवारी' हे दोन शब्द जास्त मोलाचे वाटतात. आपल्याकडचं, कोलकात्याचं काशीपूर बघा. डिसेंबर १८८५ ते ऑगस्ट १८८६ रामकृष्ण परमहंस घशाच्या कॅन्सरने तिथल्या बागेतल्या घरात होते. बोलणं जवळपास बंद, खुणांवर काम. नरेंद्र (पुढचे विवेकानंद) आणि बाकीच्या तरुण पोरांनी दिवसरात्रीच्या पाळ्या लावून सेवा केली. पुढे जो रामकृष्ण संघ उभा राहिला त्याची जुळणी त्या पाळ्यांमध्ये झाली.

तर पाळी लावा. एका वेळी दोघेच, आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ, वीस मिनिटं. वेळ आपल्या ऑफिसवरून ठरवायची नाही, गुरुजींच्या दुखणं थांबवणाऱ्या गोळीवरून ठरवायची. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर अर्ध्या तासात सुरू होतो, तासाभरात पुरता चढतो आणि चारेक तासांनी उतरायला लागतो. म्हणजे सकाळची गोळी नऊला असेल तर दहाला जा. पावणेएकला गेलात तर दुखणं तुमच्या आधी येऊन बसलेलं असेल. गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर पहिले दोन-तीन दिवस गुंगी असते, ती बहुतेकदा कमी होते. "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं" असं घरच्यांसमोर पुटपुटणारे शिष्य असतात, त्यांनी गप्प बसावं. दुखणं आटोक्यात आलं तरच माणूस शिकवू शकतो.

खोलीत खुर्ची पलंगाजवळ ओढून डोळ्यांच्या पातळीला बसा. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे; खिडकीकडे पाठ केली तर गुरुजींना नुसती काळी आकृती दिसते. अत्तर लावू नका, मळमळ आधीच असते. ऑक्सिजनचं मशीन चालू असेल तर त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, काहीही पेटतं नको. हे सांगितलं की काही घरांत वाईट वाटतं, पण ऑक्सिजनजवळ ठिणगीसुद्धा भडकते. देवाचा दिवा दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि "गुरुजी, तुम्ही ठणठणीत होणार, पुढची गुरुपौर्णिमा दणक्यात करू" हे वाक्य घरीच ठेवून जा. ज्याला आपलं काय चाललंय ते माहीत आहे त्याच्यापुढे हे म्हटलं की बोलण्याचं दार बंद होतं. मग तोही तुमच्या समाधानासाठी मान हलवत बसतो.

प्रश्न बारीक हवा. "आयुष्याने काय शिकवलं?" याला दमलेला माणूस काय उत्तर देणार! तबल्याचे गुरुजी असतील तर विचारा, "'धा तिट धा तिट धा धा तिट' या कायद्यात तुम्ही दुसऱ्या पलट्याला 'तिट' कुठल्या बोटाने घेता?" (कायदा म्हणजे तबल्याच्या बोलांची मूळ रचना, पलटा म्हणजे तिचा फिरवलेला प्रकार.) हात उचलत नसेल तरी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, चालते; पढंत नाही जमली तर तुम्ही म्हणा आणि त्यांना मानेने हो-नाही करू द्या. सुताराला विचारा, सांध्यातली चूल (दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक) कुठल्या लाकडात फाटते. शिक्षकाला विचारा, कुठला धडा तीस वर्षं चुकीचा शिकवला असं वाटतं. हा शेवटचा प्रश्न फार चालतो. चुकीबद्दल बोलताना लोक खुलतात. दम कमी असेल तर दोन पर्याय द्या: "लय विलंबित की मध्य?" आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. आपल्याला शांतता सोसत नाही, तिसऱ्या आकड्याला आपण दुसरा प्रश्न टाकतो आणि त्यांचं निम्मं तयार झालेलं उत्तर वाया जातं.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर. चालत असेल तर छताचा पंखा पाच मिनिटं बंद करा, त्याची घरघर आवाज खाते. ऑक्सिजनचं मशीन मात्र बंद करायचं नाही, फोन पलीकडच्या बाजूला ठेवा. सुरुवातीला तारीख, राग, ताल आपल्या तोंडाने बोला, नाहीतर वर्षभराने शंभर फाइल्स आणि एकाचाही पत्ता नाही. त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत काढा. बंदिशींची वही उचलून नेऊ नका. क्रमाने पानापानाचे फोटो काढा, मागची कोरी वाटणारी पानंही घ्या (समासातल्या पेन्सिलीच्या खुणा तिथेच असतात), आणि वही परत उशाशी. ती पुढे कुणाकडे जायची हे गुरुजींनी घरच्यांसमोर सांगितलेलं बरं. वहीवरून दोन शिष्यांत अबोला धरल्याची उदाहरणं संगीतात कमी नाहीत.

आवाज गेला की लोकांना वाटतं शिकणं संपलं. मोटर न्यूरॉनच्या आजारात (वरचा एएलएस त्यातलाच) जीभ, हात, मान जाते, पण डोळ्यांची हालचाल बहुतेकांत सर्वांत शेवटपर्यंत टिकते. इथे मराठी वर्णमाला देवासारखी धावून येते, कारण ती मुळातच ओळींत मांडलेली आहे. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहा: स्वर, क-ओळ, च-ओळ, ट-ओळ, त-ओळ, प-ओळ, य-ओळ, श-ओळ. तुम्ही ओळींची नावं सावकाश म्हणायची. हवी ती ओळ आली की गुरुजी डोळे मिटतात. मग त्या ओळीतली अक्षरं. प-ओळ, प. ट-ओळ, ट-ठ-ड-ढ-ण, ण. "पाणी?" डोळे मिटले. काना-मात्रा अंदाजाने लागतात. चूक होते ती घाईने: पहिल्या 'प'लाच आपण "पाय? पाठ? पंखा?" असा भडिमार करतो आणि गुरुजी कंटाळून डोळे मिटून घेतात, ते आपण 'हो' समजतो. म्हणून 'नाही'ची खूण वेगळी ठरवा, वर बघणं वगैरे. पुठ्ठ्याच्या मागे रोजचे शब्द लिहा: दुखतंय, कूस बदला, डोकं वर, लघवी, थुंकी, एकटं राहू द्या. शेवटचा शब्द विसरू नका.

तीर्थ, पेढा, गंगाजल भरवायचं नाही. गिळणं मंदावलेलं असतं, चमचाभर पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. स्वच्छ कापड ओलं करून, पिळून, ओठांवर आणि जिभेच्या टोकावर फिरवा. त्यात दोन थेंब गंगाजल घातलंत तर कुणाचं काही बिघडत नाही. जेवण कमी होणं हा आजाराचा भाग आहे, आग्रह केला तर त्रास वाढतो. शुद्ध नसेल तरी ऐकू येतंय असं धरून चाला. पलंगापाशी उभं राहून हिशेब आणि निधनाच्या बातमीचा मजकूर ठरवू नका.

घरच्यांची गुरुदक्षिणा वेगळी द्यायची असते. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, किती रात्री झोपलेल्या नाहीत ते विचारा आणि दुपारी चार तास बसा. औषधांची चक्कर, बँक, एअर बेडची हवा, हे वाटून घ्या. वेदना आवरत नसतील तर परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाऱ्याचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) गाठ घालून द्या. मुंबईत बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. या सेवा कॅन्सरच्या अगदी शेवटच्या आठवड्यात आठवतात, ते उशिरा होतं.

तेरावं झालं की घर एकदम रिकामं होतं. तेव्हा आपल्या ठरलेल्या वारी, त्याच वेळेला जा. ऑक्सिजनचं मशीन आणि पलंग भाड्याचा असतो, डिपॉझिटची पावती बहुतेक औषधांच्या पिशवीत सापडते. उरलेल्या मॉर्फिनच्या पट्ट्या मोजा आणि जिथून आणल्या तिथे परत द्या, कचऱ्यात टाकू नका. वहीच्या फोटोंची छापील प्रत काकूंना द्या, आणि रेकॉर्डिंग आत्ता ऐकायचं की नंतर, ते त्यांना विचारा.