हद्द कुणाची ते नंतर बघा, आधी एफआयआर घ्या!

सकाळपासून डोकं तापलंय. रायबागकडच्या एका मावशींची सोळा वर्षांची पोर चार दिवस बेपत्ता आहे. पुण्यात घरकामाला लावते म्हणून ओळखीतल्याच बाईनं रेल्वेनं नेली, मिरजेत फोन बंद. इकडचं ठाणं म्हणतं, "मिरजेला जा." तिकडचं म्हणतं, "मुलगी कर्नाटकातली, तिकडंच द्या तक्रार." मावशी हातात पिशवी घेऊन नुसत्या हेलपाटे घालताहेत.

अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो) कुठंही घडो, समोरच्या ठाण्यानं नोंदवायचा. झिरो एफआयआर. पुढं तो हद्दीच्या ठाण्याला पाठवणं पोलिसांचं काम, आईचं नव्हे! अल्पवयीन पोर हरवली तर नुसत्या मिसिंग नोंदीवर भागत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१३ सालीच एफआयआर घ्यायला सांगितलंय. आणि तस्करीची, म्हणजे भारतीय न्याय संहिता (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १४३ ची, खबर घेतली नाही तर त्याच संहितेच्या कलम १९९ खाली त्या अधिकाऱ्यालाच किमान ६ महिने सक्तमजुरी. ठाण्यात हे कलम मोठ्यानं म्हणा.

मान्य, काही पोरी स्वतःच्या मर्जीनं जातात, आणि ठाण्यात माणसंही कमी असतात. पण तस्करीत कायदा संमती धरतच नाही. सोळाच्या पोरीची मर्जी कसली काढता?

आपल्या सीमाभागातला खरा घोळ वेगळाच. जबाब कन्नडमध्ये, आई मराठी. मावशींनी परवा सही केली. शेजारच्या पोरानं कागद वाचला तेव्हा कळलं, त्यात "मुलगी स्वतःहून निघून गेली" असं होतं. कसं कळणार हो त्या माऊलीला? लिहिलेलं वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. कळेपर्यंत सही करू नका. कुणी नेलं, काय आमिष दाखवलं, कुठली गाडी, किती वाजता, त्या बाईचा फोन नंबर, हे सगळं जबाबात आलंच पाहिजे. नाहीतर तस्करीची केस उभीच राहत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नाहीच घेतली तर तक्रार लेखी, पोस्टानं एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना, मग मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. दरम्यान १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन कराच.

वयासाठी आधारवर विसंबू नका. बाल न्याय कायद्यात पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला.

तो दाखला मावशींच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. दोन्हीकडं कुणी मागितलाच नाही.